पार्किंग लॉटखालची शाळा

परवा जुनी हार्ड डिस्क साफ करताना एक फोटो सापडला. मी, ऑफिसातले चार जण, सगळ्यांच्या डोक्यावर निळ्या टोप्या आणि मागे बेसबॉलचं प्रचंड स्टेडियम. माझ्या पहिल्या ऑनसाइटच्या वेळचा फोटो. क्लायंट लॉस एंजेलिसचा होता, आणि प्रोजेक्ट एकदाचं लाइव्ह गेलं म्हणून सगळ्या टीमला डॉजर्सची मॅच दाखवायला नेलं होतं. मला बेसबॉलमधलं तेव्हा काही कळत नव्हतं, आजही कळत नाही. शेजारचे ओरडले की मी ओरडायचो, बस.

मॅच संपल्यावर आमची गाडी कुठे लावली तेच कुणाला आठवेना. तिथलं पार्किंग म्हणजे सोळा हजार गाड्यांचं! आम्ही आपले या लॉटमधून त्या लॉटमध्ये फिरतोय. आमच्यातला एक टेस्टर मूळचा तिथलाच, आजी-आजोबा मेक्सिकोहून आलेले. चालता चालता तो सहज म्हणाला, "इथे खाली एक शाळा आहे."

मला वाटलं टेकडीच्या पायथ्याशी असेल. म्हटलं, कुठे? तर म्हणाला, "खाली म्हणजे खाली. या डांबराच्या खाली. माझी आजी त्या शाळेत जायची. आजोबा दर सीझनला मॅचला यायचे. आजी एकदाही आली नाही."

तेवढ्यात गाडी सापडली आणि विषय तिथेच राहिला. पण काही वाक्यं डोक्यातून जात नाहीत. फोटो बघितल्यावर ते परत वर आलं आणि मग दोन-तीन वीकेंड त्यातच गेले. वाचत गेलो तसं लक्षात आलं, की ही बेसबॉलची गोष्टच नाही. शहराच्या मालकीची जमीन, ती मागणारा एक हुशार बिझनेसमन आणि दोघांमधल्या वाटाघाटी, अशी ही गोष्ट आहे. म्हणजे आपल्या ओळखीचीच.

तर सुरुवातीपासून सांगतो.

लॉस एंजेलिसच्या डाउनटाउनला लागून उत्तरेकडे टेकड्या आहेत. त्या भागाला चावेझ रव्हीन म्हणतात. हुलियन चावेझ नावाचा एकोणिसाव्या शतकातला एक स्थानिक पुढारी होता, त्याच्या नावावरून. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात तिथे तीन वस्त्या होत्या: पालो व्हर्दे, ला लोमा आणि बिशप. बहुतेक मेक्सिकन वंशाची माणसं. शहरातल्या बऱ्याच भागांत त्यांना घर मिळायचंच नाही, म्हणून ती इथे येऊन राहिली. स्वतःची छोटी घरं, परसात भाज्या, कोंबड्या-बकऱ्या, एक चर्च, एक शाळा. रस्ते कच्चे. डाउनटाउनपासून हाकेच्या अंतरावर, पण शहराचं तिकडे फारसं लक्ष नाही. १९४८-४९ मध्ये डॉन नॉर्मार्क नावाचा एक विशीतला फोटोग्राफर फिरत फिरत तिथे पोचला आणि त्यानं या वस्त्यांचे फोटो काढले. ते बघून कोकणातल्या एखाद्या वाडीची आठवण येते. शहर प्लॅनरांच्या फायलीत मात्र तिला शब्द होता 'ब्लाइट'. म्हणजे गलिच्छ वस्ती, कीड.

१९४९ साली अमेरिकेत गृहनिर्माण कायदा झाला. गलिच्छ वस्त्या काढा, गरिबांसाठी सरकारी घरं बांधा, केंद्र सरकार पैसे देईल. लॉस एंजेलिसनं दहा हजार घरांची योजना आखली आणि तिच्यातला मोठा तुकडा चावेझ रव्हीनमध्ये ठेवला. नाव 'इलिझियन पार्क हाइट्स'. डिझाइन करायला रिचर्ड नॉइट्रासारखा जगप्रसिद्ध आर्किटेक्ट आणि त्याच्या जोडीला रॉबर्ट अलेक्झांडर. तेरा मजल्यांचे चोवीस टॉवर, दीडशेच्या वर दुमजली इमारती. एकूण तीन हजारांवर घरं.

जुलै १९५० मध्ये वस्तीतल्या घरोघरी गृहनिर्माण प्राधिकरणाचं पत्र आलं. मजकूर साधारण असा, की इथे सरकारी घरं होणार आहेत, तुमची घरं आम्ही विकत घेणार आहोत, आणि नव्या घरांवर पहिला हक्क तुमचाच असेल. पुनर्विकासाच्या सोसायटी मीटिंगला बसलेल्या कुणालाही ही भाषा पाठ असेल.

आता इथे घाईघाईनं व्हिलन ठरवू नका. ही योजना आखणारे लोक प्रामाणिक होते. फ्रँक विल्किन्सन नावाचा प्राधिकरणाचा एक अधिकारी होता, तो घरोघरी जाऊन लोकांना समजावत असे. गरिबांना चांगलं घर मिळालं पाहिजे, आणि एकाच इमारतीत गोरे, काळे, मेक्सिकन सगळे राहिले पाहिजेत, असं त्याला मनापासून वाटायचं. बऱ्याच लोकांनी अशा आश्वासनावर विश्वास ठेवून घरं विकली. बाकीच्यांना भूसंपादनाच्या नोटिसा गेल्या. दोन-तीन वर्षांत वस्ती जवळपास रिकामी झाली.

आणि मग शहरानं विचार बदलला.

ते मॅकार्थीचे दिवस होते. सरकारी घरं म्हणजे समाजवाद, समाजवाद म्हणजे कम्युनिझम, असा प्रचार सुरू झाला. रिअल इस्टेटवाल्यांना तर हे हवंच होतं. १९५१ च्या शेवटी नगरपरिषदेनं योजनेतून अंग काढून घ्यायचा ठराव केला. १९५२ मध्ये भूसंपादनाच्याच एका सुनावणीत विल्किन्सनला विचारलं, तू कुठल्या कुठल्या संघटनांचा सभासद आहेस? त्यानं उत्तर द्यायला नकार दिला. नोकरी गेली. पुढे १९६१ मध्ये अशाच नकारापायी त्याला तुरुंगातही जावं लागलं. १९५३ च्या निवडणुकीत सरकारी घरांच्या बाजूचा मेयर फ्लेचर बॉवरन हरला आणि विरोधातला नॉरिस पोल्सन आला. योजना रद्द.

शहरानं ती जमीन परत विकत घेतली, केंद्र सरकारचा जेवढा खर्च झाला होता त्यापेक्षा बऱ्याच कमी किमतीत. फक्त खरेदीखतात एक अट होती: या जमिनीचा वापर सार्वजनिक प्रयोजनासाठीच करायचा.

'सार्वजनिक प्रयोजन' हे दोन शब्द लक्षात ठेवा. आपल्याकडच्या १८९४ च्या भूसंपादन कायद्यातही हेच शब्द होते, आणि त्यांचा अर्थ काय यावर आपल्या कोर्टांनी किती शाई खर्च केली असेल त्याची गणती नाही.

म्हणजे १९५३ नंतर परिस्थिती अशी: घरं होणार नाहीत हे नक्की. वस्ती गेलेली. लोक पांगलेले. 'पहिला हक्क' ज्या घरांवर होता ती घरंच नाहीत. आणि डाउनटाउनच्या कुशीत जवळपास रिकामी जमीन शहराच्या हातात. कुणी म्हणालं प्राणिसंग्रहालय करू, कुणी म्हणालं दफनभूमी. चार वर्षं काहीच झालं नाही. "ज्यांची घरं होती त्यांना परत देऊ" हा पर्याय कुणी गंभीरपणे टेबलावर ठेवल्याचं माझ्या वाचनात आलं नाही.

आता कॅमेरा अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, न्यूयॉर्कला.

तिथे ब्रुकलिनमध्ये डॉजर्स ही बेसबॉलची टीम होती. मालक वॉल्टर ओमॅली, मुळात वकील. टीम लोकांच्या जिवापाड आवडीची, १९५५ ला पहिल्यांदा चॅम्पियन झालेली. पण तिचं एबेट्स फील्ड हे मैदान १९१३ चं, जेमतेम बत्तीस हजार प्रेक्षकांचं, आणि पार्किंग जवळपास नाहीच. ओमॅलीला नवं स्टेडियम हवं होतं. बांधकामाचा खर्च स्वतः करायला तो तयार होता. त्याचं म्हणणं एवढंच, की ब्रुकलिनमधल्या एका मोक्याच्या जागेचे तुकडे अनेक मालकांकडे आहेत, तर शहरानं १९४९ च्या गृहनिर्माण कायद्याखाली ती जागा संपादित करावी आणि मला विकावी.

न्यूयॉर्कमध्ये अशा गोष्टींचा शेवटचा शब्द रॉबर्ट मोझेसचा. या माणसानं हायवे आणि 'स्लम क्लिअरन्स'साठी हजारो कुटुंबं उठवली होती. म्हणजे लोकांना हलवायची त्याला लाज नव्हती. पण ओमॅलीला तो नाही म्हणाला. कारण दिलं, की खासगी मालकाचं बेसबॉल स्टेडियम हे या कायद्याखाली सार्वजनिक प्रयोजन होऊ शकत नाही. हवं तर क्वीन्समध्ये शहराच्या मालकीचं स्टेडियम बांधतो, तू भाडेकरू हो. ओमॅलीला भाडेकरू व्हायचं नव्हतं.

गंमत बघा. कायदा तोच, १९४९ चा. एका किनाऱ्यावर त्याच कायद्याच्या नावानं एक वस्ती रिकामी झाली होती आणि दुसऱ्या किनाऱ्यावर त्याच कायद्याचं नाव घेऊन स्टेडियमला नकार मिळत होता. ओमॅलीला फक्त पहिल्या किनाऱ्यावर यायचं होतं.

मे १९५७ मध्ये तो लॉस एंजेलिसला आला. त्याला हेलिकॉप्टरमधून शहर दाखवलं. वरून त्यानं चावेझ रव्हीन बघितलं: डाउनटाउनला खेटून आणि चारी बाजूंनी फ्रीवे. आकाशातून ते रिकामंच दिसत असणार. शहरातले पुढारी टीम मिळावी म्हणून अक्षरशः आसुसलेले. त्यात सगळ्यात पुढे रोझलिंड वायमन, वयाच्या बाविसाव्या वर्षी नगरपरिषदेवर निवडून आलेली बाई. वाटाघाटींसाठी मेयरनं हॅरॉल्ड मॅक्लेलन नावाच्या एका उद्योजकाला नेमलं.

सौदा असा ठरला. शहर ओमॅलीला चावेझ रव्हीनमधली सुमारे ३०० एकर जमीन देणार. (अंदाज यावा म्हणून, शिवाजी पार्कसारखी दहा मैदानं.) त्यातली काही शहराकडे होतीच, उरलेली मिळवून द्यायचा प्रयत्न करायचा. सपाटीकरणाला शहराचे वीस लाख डॉलर, रस्त्यांना काउंटीचे सत्तावीस लाखांच्या वर. बदल्यात ओमॅलीनं स्वतःच्या खर्चानं पन्नास हजार प्रेक्षकांचं स्टेडियम बांधायचं, चाळीस एकरांत सार्वजनिक क्रीडांगण करून वीस वर्षं सांभाळायचं आणि त्यानं आधी विकत घेतलेलं दक्षिण लॉस एंजेलिसमधलं रिगली फील्ड, नऊएक एकरांचं, शहराला द्यायचं.

आणि एक कलम: खरेदीखतातली ती 'सार्वजनिक प्रयोजना'ची अट काढून टाकण्यासाठी शहरानं प्रयत्न करायचे.

हे वाचून मी खुर्चीत मागे टेकून बसलो. कोडमध्ये आपण कितीदा बघतो, की फंक्शनचं नाव जुनंच असतं आणि आतला लॉजिक कुणीतरी कधीच बदललेला असतो. इथे तर नाव खोडायचं कामही कॉन्ट्रॅक्टमध्येच लिहून ठेवलं होतं.

७ ऑक्टोबर १९५७ ला नगरपरिषदेनं १० विरुद्ध ४ मतांनी करार मंजूर केला. दुसऱ्या दिवशी डॉजर्सनी ब्रुकलिन सोडल्याचं जाहीर झालं. विरोधात मत देणाऱ्यांत एडवर्ड रॉयबाल होता, परिषदेतला मेक्सिकन वंशाचा सभासद.

पण गोष्ट इथे संपली नाही, आणि याबद्दल मला त्या शहराचं कौतुक वाटतं. विरोधकांनी सह्या गोळा केल्या आणि करार सार्वमताला टाकायला लावला. ३ जून १९५८ ला मतदान. दोनच दिवस आधी टीव्हीवर पाच तासांचा कार्यक्रम झाला, 'डॉजरथॉन'. सिनेमातले तारे येऊन "करारासाठी हो म्हणा" सांगत होते. त्यात रोनाल्ड रेगनही होता, तेव्हा नुसता नट. निकाल: बाजूनं ३,४५,४३५, विरोधात ३,२१,१४२. म्हणजे साडेसहा लाखांच्या वर मतांत जेमतेम चोवीस हजारांचा फरक.

मग कोर्ट. खालच्या कोर्टानं करार बेकायदा ठरवला. जानेवारी १९५९ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टानं तो निकाल एकमतानं फिरवला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की करार सुटा सुटा बघू नका, एकत्रित बघा. शहराला त्यातून वाजवी सार्वजनिक फायदा मिळत असेल, तर दुसऱ्या पार्टीचाही फायदा झाला म्हणून करार अवैध ठरत नाही.

मला हा युक्तिवाद चुकीचा वाटत नाही, खरं सांगतो. हिशोबच मांडायचा तर शहरानं वाईट सौदा केला नव्हता. नंतरच्या दशकांत अमेरिकेतल्या कितीतरी शहरांनी करदात्यांच्या पैशातून स्टेडियमं बांधून टीमच्या मालकांना दिली. इथे मालकानं स्वतःचे पैसे घातले आणि जमिनीवर प्रॉपर्टी टॅक्सही भरला. रिगली फील्डच्या जागी पुढे बाग झाली, आरोग्यकेंद्र झालं. वायमनबाई शेवटपर्यंत सांगत राहिल्या की या टीमनं विखुरलेल्या शहराला एक केलं. तेही खोटं नाही.

फक्त एक प्रश्न त्या हिशोबात कुठेच येत नाही. वाटाघाटींच्या टेबलावर दोन बाजू होत्या: शहर आणि ओमॅली. तिसरी बाजू, म्हणजे ज्यांनी 'तुम्हाला नवं घर मिळेल' या शब्दावर आपलं घर सोडलं होतं ती माणसं, १९५७ पर्यंत बाजू म्हणून उरलीच नव्हती. ती सात वर्षांपूर्वी उठली, तेव्हा तिथे स्टेडियम येईल असं कुणालाच माहीत नव्हतं, ओमॅलीलाही नाही. त्यामुळे त्यांना कुणी फसवलं असं बोट दाखवून सांगता येत नाही. घरं बांधणाऱ्यांनी त्यांना उठवलं, ते हरले. हरवणाऱ्यांनी जमीन दिली, पण त्यांनी कुणाला वचन दिलं नव्हतं. ओमॅलीनं रिकामी जमीन घेतली. प्रत्येकाचे हात आपापल्या परीनं स्वच्छ.

काही घरं मात्र अजून उभी होती. आरेचिगा कुटुंबाचं त्यातलं सगळ्यात माहितीचं. त्यांना कोर्टानं १०,०५० डॉलर किंमत ठरवून दिली होती. त्यांचं म्हणणं १७,५०० ची. पैसे त्यांनी घेतलेच नाहीत आणि घरही सोडलं नाही. ८ मे १९५९ ला शेरीफची माणसं आली. या घरातल्या औरोरा व्हार्गासला चौघांनी हातपाय धरून बाहेर काढलं, तो फोटो आजही जिथे-तिथे दिसतो. आजी आब्राना शिपायांना दगड मारत होती. सामान बाहेर काढलं आणि लगेच बुलडोझर फिरला. कुटुंब तिथेच तंबू ठोकून राहिलं.

टीव्हीवर हे सगळं दिसलं आणि शहर हळहळलं. मग आठवड्याभरात पेपरात बातमी: या कुटुंबाची दुसरीकडे आणखी घरं आहेत! झालं. सहानुभूती एका दिवसात आटली. त्यांची इतर घरं असण्याचा, दहा हजार योग्य किंमत होती का किंवा १९५० च्या पत्रातलं वचन पाळलं गेलं का, याच्याशी काय संबंध? काहीही नाही. पण आपल्याला विस्थापित माणूस पूर्ण कंगालच लागतो. थोडा जरी बरा निघाला की आपण निर्धास्त होऊन पेपर मिटतो.

सप्टेंबर १९५९ मध्ये भूमिपूजन झालं. टेकड्या कापून दऱ्या भरल्या. पालो व्हर्देची शाळा पाडण्याऐवजी तिचं छप्पर काढलं आणि ती मातीनं भरून टाकली. १० एप्रिल १९६२ ला स्टेडियम उघडलं. सुंदर आहे, मी बघितलंय. संध्याकाळी मागचे डोंगर जांभळे होतात तेव्हा खेळ कळत नसला तरी चालतं.

मेक्सिकन वंशाचे लोक बरीच वर्षं तिकडे फिरकले नाहीत म्हणतात. १९८१ मध्ये फर्नांडो व्हॅलेन्झुएला नावाचा मेक्सिकोतल्या खेड्यातला वीस वर्षांचा पिचर आला आणि सगळं बदललं. स्टेडियम स्पॅनिश बोलणाऱ्यांनी भरून गेलं. टेस्टरचे आजोबा बहुधा त्याच लाटेतले.

२०१२ मध्ये टीम विकली गेली, स्टेडियमसकट दोन अब्ज डॉलरच्या वर. जुन्या मालकानं पार्किंगच्या जमिनीत मात्र हिस्सा ठेवून घेतला. जमिनीची किंमत कळणारा माणूस! आणि २०२४ मध्ये विस्थापितांच्या भरपाईचा विचार करण्यासाठी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं एक विधेयक मंजूर केलं, ते गव्हर्नर न्यूसमनी सही न करता परत पाठवलं. हे काम स्थानिक पातळीवर व्हावं, असं त्यांचं म्हणणं.

आपण सगळे कधी ना कधी अशा शहरात राहणार आहोत जिथे कुठल्यातरी सार्वजनिक जागेचा 'विकास' चाललाय. तेव्हा पेपरात चर्चा असते ती रकमेची, एकरांची, एफएसआयची. तीही व्हायला पाहिजेच. पण मी आता आधी एक जुनी तारीख शोधतो: ही जागा रिकामी कधी झाली आणि तेव्हा कारण काय सांगितलं होतं?

असो. फोटो त्या टेस्टरला मेल केला आणि विचारलं, आजी कशी आहे? उत्तर आलं, आजोबा गेले, आजी आहे, नव्वदीला टेकली. टीव्हीवर मॅच लागली की हल्ली बघते म्हणे. कॅमेरा पार्किंगवरून फिरला की मात्र खोलीतल्या सगळ्यांना गप्प करते आणि बोट दाखवून सांगते, आमचा वर्ग तिकडे होता.